तेवीस खोडांतलं एक

४ जानेवारी

ही वही आत्याने झाडांच्या नोंदींसाठी दिली आहे. कुठल्या जागी कोणती कुंडी, पाणी कधी घातलं, कीड कुणाला लागली, हे सगळं पहिल्या पानापासून लिहायचं. मी वही उलटी धरून शेवटच्या पानापासून हे लिहितोय. पुढून झाडं, मागून मी. मध्ये कुठे गाठ पडली तर बघू.

आत्या कार्यालयांना आणि दवाखान्यांना कुंड्या भाड्याने देते, त्यांची निगाही तीच राखते. अकरा जागा आहेत. तिच्या हाताखालचा माणूस काम सोडून गेला आणि मी कॉलेज सोडून तिच्याकडे आलो, दोन्ही एकाच आठवड्यात. आत्या म्हणते योगायोग. बाबा म्हणतात कर्म. आमचं बोलणं बंद आहे, तेव्हा हे त्यांनी मला नाही, आत्याला फोनवर सांगितलं. पण बाबांना फोनची गरजच नसते, एरवीही तीन घरं ऐकू जातं.

कॉलेज का सोडलं ते एकदाच लिहून टाकतो. विभागप्रमुख भर वर्गात म्हणाले, हे ड्रॉइंग तुझं नाही. ते माझंच होतं, तीन दिवस मान मोडून काढलेलं. मी म्हणालो, माफी मागा. ते म्हणाले, खाली बस. मी म्हणालो, आता बसत नाही, चाललो, ज्याला खऱ्याची चाड असेल त्याने माझ्याबरोबर उठावं.

कुणी उठलं नाही. टिकटिकसुद्धा नाही.

टिकटिक म्हणजे ती. विचार करताना पेनाचं बटण वाजवते म्हणून टिकटिक. दीड वर्ष आम्ही एका बाकावर बसलो. दारातून वळून पाहिलं तर ही मान खाली घालून पेन वाजवतेय. मी "भित्री" म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो असेन.

त्याला आज सत्तर दिवस झाले. तिचा एक शब्द नाही. माझाही नाही. सुरुवात तिने करायची हे उघडच आहे.

७ जानेवारी

आत्याने परीक्षा घेतली. दोन कुंड्या पुढ्यात ठेवल्या. दोन्हींत वेल, दोन्हींची पानं बदामाच्या आकाराची.

"हे काय?"

"मनीप्लांट."

"आणि हे?"

"हेही मनीप्लांट. जरा नाजूक."

"उद्या रस्त्यात दोन टकले दिसले तर दोघांनाही बाबा म्हणशील."

मग तिने माझं बोट धरून एकाच्या देठावरून फिरवलं. देठाला पन्हाळीसारखी खाच होती. तो मनीप्लांट. दुसऱ्याचा देठ गुळगुळीत, आणि नवं पान पातळशा वेष्टणातून बाहेर येत होतं. तो फिलोडेन्ड्रॉन. "पानांना भुलू नको," आत्या म्हणाली. "पानं सगळ्यांचीच गोड असतात. देठ बघ, खोड बघ. काय आहे ते तिथे कळतं."

पाण्याचा नियमही सांगितला. दोन पेरं बोट मातीत घालायचं. कोरडं बाहेर आलं तर पाणी, माती चिकटून आली तर हात मागे. "घरातली झाडं तहानेने कमी मरतात, मायेने जास्त. रोज पाणी, रोज पाणी. मुळं कुजतात बिचारी."

टिकटिकला मी दिवसाला वीस-वीस निरोप पाठवायचो. त्याचा इथे काही संबंध नाही. आठवलं इतकंच.

१३ जानेवारी

आज पहिल्यांदा एकटा फेरीला गेलो. बँकेत कुणीतरी स्नेक प्लांटच्या कुंडीत चहा ओतला होता, साखरेला मुंग्या. वकिलांच्या कार्यालयात ठीक होतं. शेवटी डोळ्यांचा दवाखाना.

तिथे लांब बाकावर डोळ्यांत थेंब घातलेली माणसं मान मागे टाकून, डोळे मिटून बसतात. सगळे मिळून एखादी विसरलेली गोष्ट आठवत असल्यासारखे. थेंब घालणाऱ्या सिस्टरला मी थेंबताई म्हणायचं ठरवलंय. खिडकीत आपल्या पांढऱ्या कुंडीत रबराचं झाड होतं. काटकुळं, खालून उघडं, वर सात-आठ पानं, त्यातली दोन पिवळी.

आत्याचा नियम आहे: मरगळलेलं झाड गिऱ्हाईकाच्या डोळ्यांसमोर राहता कामा नये. दिसलं की उचलायचं आणि तसंच टवटवीत तिथे ठेवायचं. नोंदणीच्या टेबलावरच्या बाई रजेवर होत्या. मी टेम्पोतून ताजं झाड आणलं, पानं ओल्या फडक्याने पुसून आरशासारखी केली, जुनं उचललं.

थेंबताई म्हणाली, "अगंबाई, हे एका दिवसात तरुण झालं!"

मी घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हतो.

१४ जानेवारी

सकाळपासून शेडमध्ये छाटणी. ठिकठिकाणाहून आणलेली तेवीस रबराची झाडं जमली होती, सगळी उंच वाढून खाली बोडकी झालेली. आमची रीत अशी: कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात लावायचा, तेवढं खोड ठेवून वरचं कापायचं. दोन पानांचा शेंडा वाळूत लावायचा. मधल्या दांड्याचे तुकडे खताच्या खड्ड्यात. कापल्यावर दुधासारखा चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपायचा, अंगाला लागला तर खाज सुटते. हातभर खोड कुंडीतून काढून काळ्या पिशवीत लावायचं. महिन्याभरात त्याला बाजूने कोंब फुटतो.

आत्या म्हणाली, "कोणतं कुठून आलं ते वहीत लिही आणि पिशवीला चिठ्ठी बांध." लिहायलाच बसलो होतो, तेवढ्यात टिकटिकचा निरोप आला. ऐंशी दिवसांनी!

"परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख ३१. तुझं नाव अजून यादीत आहे, मी पाहिलं. कळवावं म्हणून."

बस्स. एवढंच. ऐंशी दिवसांनी माणूस माणसाला फॉर्मची तारीख सांगतं? कॉलेजच्या कारकुनाने याहून गोड पाठवलं असतं. यादी पाहायला वेळ आहे, पण कसा आहेस विचारायला नाही. वर ऑफिसच्या पत्रासारखं "कळवावं म्हणून"! मी तिला चार पानी उत्तर लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. आता जेवायला हाक आली आहे, आणि मी जेवणार नाही.

(नंतर) जेवलो.

२० जानेवारी

आज दवाखान्यात गेलो तर नोंदणीच्या बाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या असतील, चष्मा साखळीला लावलेला.

"माझं झाड कुठे आहे?"

"हे काय, समोर."

"हे नाही रे. माझं."

"बाई, कुंडी आमची, झाड आमचं. अर्धमेलं झालं होतं, त्याच्या जागी नवं दिलंय. लोक आभार मानतात."

"ते माझ्या मुलीचं झाड होतं."

"मग मुलीच्या नावाची पाटी लावायची होती!"

माझा आवाज चढला होता. बाकावरची सगळी माणसं डोळे मिटल्या मिटल्याच माझ्याकडे वळली. बाई खाली बसल्या आणि त्यांनी पुकारलं, "सत्तावीस." सत्तावीस नंबर केव्हाच आत गेला होता. त्यांनी पुन्हा पुकारलं, "सत्तावीस."

मी घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. म्हटलं, शाबासकी मिळेल. आत्याने कप खाली ठेवला.

"ते झाड तिचंच होतं रे. गेल्या वर्षी तिचं मडकं फुटलं, तेव्हा आपली रिकामी कुंडी मीच दिली होती. तुला सांगायचं राहून गेलं."

"म्हणजे चूक तुझी!"

"अर्धी माझी. उरलेली अर्धी वहीत सापडते का बघ, तोफखाना."

वही सुलट केली. तेरा जानेवारीचं पान कोरं. चौदाचंही कोरं. त्या दिवशीचं जे काही लिहिलं होतं ते सगळं मागच्या बाजूला होतं, टिकटिकबद्दल.

शेडमध्ये गेलो. तेवीस काळ्या पिशव्या, तेवीस हातभर खोडं, एकालाही पान नाही, एकालाही चिठ्ठी नाही.

२१ जानेवारी

मी आजवर कुणाची माफी मागितलेली नाही. शाळेत एकदा मागितली होती, पण ती चूक माझी नव्हती असं नंतर सिद्ध झालं. तेव्हापासून बंद.

आज गेलो. आत्या म्हणाली होती, "जमलं तर विचारून घे, झाड कधी कुठे ठेवलेलं होतं. खोडावर सगळं उमटतं." बाईंपुढे रांग होती म्हणून बाकावर टेकलो आणि डोळे मिटून वाक्य जुळवू लागलो. बाई, झालं ते झालं. छे. बाई, गैरसमज झाला. छे. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "डोकं मागे." मी घेतलं मागे. दोन्ही डोळ्यांत थेंब पडले तेव्हा कुठे शुद्धीवर आलो.

"अय्या! हा तर झाडवाला!" थेंबताई ओरडली. "बोलायचं नाही का रे? आता चारेक तास सगळं धूसर. उन्हात जाऊ नकोस."

अर्ध्या तासाने चाचपडत टेबलापाशी गेलो. बाईंच्या चेहऱ्याच्या जागी फिकट गोल दिसत होता. खरं सांगायचं तर त्यामुळेच बोलता आलं.

"मी तुमचं झाड कापलं. हातभर खोड शिल्लक आहे, पण कोणतं ते कळत नाही. तेवीस आहेत. आणि काल मी ओरडलो, ते..." पुढचं वाक्य जुळवलेलंच नव्हतं. "चुकलो."

गोल जरा खाली वाकला. मग माझ्या हातात रुमाल आला. "डोळे पूस."

"मी रडत नाहीये. थेंबांचं पाणी आहे."

"मला ठाऊक आहे. पूस."

मी विचारलं, झाड कुठे कुठे होतं. त्या म्हणाल्या, "मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिने एका फांदीच्या तुकड्यापासून लावलं. आधी बाटलीत, मग मडक्यात. घरी खिडकीत होतं, नंतर इथे आणलं. इथेही खिडकीतच. मुलगी लग्न होऊन लांब गेली, विमानाने जावं लागतं. पण झाड खिडकीतून एक दिवस हललं नाही."

"शोधून देतो," मी म्हणालो. परतताना बसचा नंबर दिसेना, तीन जणांना विचारावं लागलं. तिघांनी हात धरून रस्ता ओलांडून दिला, त्यातल्या एकाने नको त्या बाजूला.

२४ जानेवारी

आत्याने खोड वाचायला शिकवलं. रबराच्या झाडाला नवं पान आलं की खोडाभोवती एक कडं उमटतं. पान गळतं, कडं राहतं. दोन कड्यांमधलं पेर आखूड असेल तर त्या दिवसांत झाडाला भरपूर उजेड होता. पेर लांब असेल तर उजेड कमी होता, झाड त्याच्या शोधात लांबत गेलं. पुढे कितीही चांगल्या जागी ठेवा, लांबलेलं पेर आखूड होत नाही.

मग मी कामाला लागलो. तेवीस खोडांना नंबर टाकले, मोजमाप घेतलं आणि तेवीस ड्रॉइंग काढली, कड्यान् कड्याची. विभागप्रमुखांनी यावं आणि म्हणावं, हे तुझं नाही!

बाईंचं झाड कायम खिडकीत. म्हणजे सगळी पेरं आखूड आणि सारखी हवीत. तसं एकच निघालं, नऊ नंबर. खालपासून वरपर्यंत बोटाबोटावर कडी. बाकीची कमी-जास्त. सतरा नंबरचं पाहून वाईट वाटलं. चौदा कडी जवळजवळ आणि मग अचानक तीन पेरं चार-चार बोटं लांब, तिथेच माझी कात्री लागलेली. कुठल्यातरी दगडाच्या काळजाच्या माणसाकडून आलं असणार.

बाबा हल्ली रोज आत्याला फोन करून विचारतात, रबराच्या झाडाचं काय झालं, सापडलं का, जेवतंय का नीट. आत्या म्हणाली, "जेवतंय." यांना झाडांत एवढा रस कधीपासून? आणि झाड जेवतं होय!

२७ जानेवारी

नऊ नंबर पोचवला. पांढऱ्या कुंडीत लावून, चीक पुसून, ड्रॉइंगसकट. बाईंना कडी दाखवली. पेर म्हणजे काय, आखूड का, लांब का, सगळं समजावलं. त्यांनी चष्मा लावून नीट ऐकलं.

"आणि अंधारात राहिलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

"तर लगेच कळलं असतं. आमच्याकडे तसं एक आहे, सतरा नंबर. तीन पेरं अशी लांब. कुणीतरी फार हाल केलेत त्याचे. असल्या लोकांना झाडं देऊच नयेत."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "किती मेहनत घेतलीस," म्हणाल्या. मग बराच वेळ नऊ नंबरच्या खोडाकडे न बघता माझ्या ड्रॉइंगकडे बघत राहिल्या. शेवटी थेंबताईनेच आतून हाक मारली, "बाई, नंबर!"

आनंदाने माणूस किती गप्प होतं. मी उड्या मारत घरी आलो. आत्याला म्हटलं, "बघ, सुटलं सगळं." आत्या म्हणाली, "काय म्हणाली ती?" मी सांगितलं. आत्या फक्त "हं" म्हणाली. हिला कौतुक करताच येत नाही.

२९ जानेवारी

दुपारी शेडमध्ये मी मातीत हात घालून बसलो होतो, तर दारात नोंदणीच्या बाई. हातात नऊ नंबरची कुंडी. दवाखान्यापासून दोन बस बदलून आल्या होत्या, जेवणाच्या सुट्टीत.

"हे तुझं परत घे," म्हणाल्या. "हे माझं नाही."

मी उसळलोच. "कसं नाही? सगळी पेरं सारखी आहेत! तुम्हीच म्हणालात, कायम खिडकीत—"

"खोटं सांगितलं मी."

आत्याने मुकाट्याने स्टूल पुढे सरकवलं आणि पाण्याचा पाइप उचलून पलीकडच्या रांगेत गेली. तिथे पाणी घालून झालं होतं.

बाई बसल्या. कुंडी मांडीवरच होती. "मुलीने मी नको म्हटलेल्या मुलाशी लग्न केलं. मी गेले नाही लग्नाला. ती गेली, आणि खिडकीत हे झाड. रोज समोर. एक दिवस उचललं आणि जुन्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवलं. पूर्वी तिथे डोळे तपासायचे, आता अडगळ. झाडणारीला सांगितलं, आठवड्याला तांब्याभर ओत. टाकून द्यायचं धाडस नव्हतं आणि बघवतही नव्हतं."

"किती दिवस?"

"सात महिने. रोज वाट बघायचे, आज तिचा फोन येईल. मोठी मी, मग आधी तिनेच करायला हवा ना? आणि तिकडे ती म्हणत असणार, बोलणं आईने तोडलं, तर आधी आईने करावा." त्या जराशा हसल्या. "मग एकदा जुनं रजिस्टर हवं होतं म्हणून दार उघडलं. आणि हे झाड, अरे, मरायचं ते दाराकडे वाकून लांबलेलं. दाराच्या फटीतून येईल तेवढ्या उजेडाकडे. पानं पिवळट, एवढीशी. मी तिथेच बसले जमिनीवर. त्याच दिवशी फोन केला."

मी मातीतून हात बाहेर काढले.

"पण हे तिला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "तिने पहिल्याच फोनला विचारलं, झाड कसं आहे? मी म्हटलं, आहे तिथेच आहे, खिडकीत. मग तेच सांगत गेले. इतक्यांदा सांगितलं की तुलाही तेच सांगितलं."

मी त्यांना काय काय म्हणालो होतो ते आठवून कान तापले. दगडाच्या काळजाची माणसं, देऊच नयेत झाडं. मी म्हणालो, "बाई, परवा मी जे बोललो—" त्या म्हणाल्या, "तुला काय माहीत." आणि घड्याळ बघून उठल्या. बस होती.

त्या गेल्यावर सतरा नंबर उजेडात नेला. चौदा आखूड पेरं, मुलगी घरी होती तेव्हाची. मग तीन लांब, अंधारातली. सात महिन्यांत आणखी तीन-चार तरी आली असणार, आणि पुढे खिडकीतली पुन्हा आखूड. ती सगळी कात्रीच्या वर होती. शेंडा वाळूत इतर शेंड्यांत मिसळला, मधला दांडा तुकडे होऊन खड्ड्यात गेला.

म्हणजे त्यांचं झाड सापडलं, पण त्यातला राग तेवढा मी शिल्लक ठेवला, आणि फोन केल्यानंतरचं सगळं कापलं. न सांगता दिलं तर चालेल का? पण कडी वाचायला मीच तर शिकवलंय त्यांना.

३० जानेवारी

टिकटिकला निरोप पाठवला. आज फाडाफाडी नाही. लिहिलं: "मी तुला सगळ्यांसमोर भित्री म्हणालो. चुकलो. उठणं न उठणं तुझा प्रश्न होता."

पाठवल्यावर फोन खताच्या पोत्यावर पालथा ठेवला आणि चौदा कॅलेथियांची पानं पुसली. या झाडाची पानं संध्याकाळी हात जोडल्यासारखी उभी होतात. पुसताना एकही फाटलं नाही.

३१ जानेवारी

सकाळी तिचं उत्तर: "कुणी लिहून दिलं?"

मी: "मीच. डोळ्यांत औषध घातल्यापासून बरं दिसतं."

ती: "फॉर्मची खिडकी आज पाचला बंद होते. पोचशील?"

आत्याने टेम्पोची किल्ली पुढे केली. म्हणाली, "कुंड्या हलतील अशी चालवू नको." टेम्पोत एकही कुंडी नव्हती.

(संध्याकाळी) फॉर्म भरला. रांग जिन्यापर्यंत होती आणि खिडकीपासून पाचव्या जागी टिकटिक उभी होती. तिचा फॉर्म कधीच भरून झालेला. मागच्या मुलाला म्हणाली, "हा माझ्याबरोबर आहे." मला काही म्हणाली नाही. मी खिसे चाचपले तर पेन नाही. तिने तिचं दिलं. मी फॉर्म भरत असताना ते एकदाही वाजवलं नाही. विभागप्रमुखांशी काय बोलायचं ते अजून ठरत नाहीये. ते ड्रॉइंग माझंच होतं, हे तर आहेच.

चौदा तारखेचा तिचा निरोप आज पुन्हा वाचला. "तुझं नाव अजून यादीत आहे, मी पाहिलं." तेव्हा मी हे वाक्य कसं काय वाचलं होतं कोण जाणे.

३ फेब्रुवारी

सतरा नंबर घेऊन दवाखान्यात गेलो. बसमध्ये मांडीवर ठेवला होता. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काठी लावलीय का कुंडीत?"

बाईंनी कुंडी टेबलावर घेतली. चष्मा लावला. बोट खालच्या कड्यावर ठेवलं आणि ओठ हलवत वर वर मोजत गेल्या. चौदाव्यानंतर बोट सरकायला वेळ लागला. एक लांब. दुसरं लांब. तिसरं. मग कापलेली जागा, माझ्या कात्रीची, चीक वाळून काळी पडलेली. बोट तिथे थांबलं.

"आणि यापुढचं? मी फोन केल्यानंतरचं?"

"ते वरच्या भागात होतं. मी कापलं. आता सापडायचं नाही." बसमध्ये सगळं पाठ केलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर पडलं.

थेंबताईने आतून आवाज दिला, "बाई, तीस नंबर झाला." बाईंनी ऐकलं नाही.

"जाऊ दे," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "ते खोडावर कशाला हवंय? ते तर दर रविवारी चालू असतं, कान दुखेपर्यंत. हे बाकीचं मात्र कुठेच नव्हतं बघ. फक्त याच्या अंगावर होतं."

त्यांनी स्वतः उठून कुंडी खिडकीत ठेवली. टवटवीत झाड बाकाच्या कडेला सरकवलं. पाणी किती, विचारलं. मी म्हणालो, पान येईपर्यंत अगदी थोडं, बोट घालून बघा, घाई करू नका. मग त्यांनी फोन काढला, दोन पावलं मागे गेल्या आणि खोडाचा फोटो घेतला.

"मुलीला पाठवते. काहीतरी सांगायला हवंच, पानं कुठे गेली म्हणून. छाटलं म्हणते."

"सांगा, मी छाटलं."

"तुझंच नाव घेणार आहे. माझं कशाला घेईन?" त्या हसल्या. पाठवला.

तीस नंबरचे गृहस्थ भिंत चाचपत बाहेर आले. मी त्यांना बाकापर्यंत नेऊन बसवलं. वळलो तर बाई फोन दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. त्यांनी तो माझ्यापुढे केला. मुलीने लिहिलं होतं:

"किती बारीक झालंय गं! पण आई, वरची तीन पेरं एवढी लांब कशी?"

मला वाटलं, आता त्या काहीतरी लिहितील. ढगाळ दिवस होते, जागा बदलली होती, कुंडी लहान पडली, शंभर कारणं सांगता येतात. मीही दोन सुचवली असती. बाई खिडकीतल्या खोडाकडे पाहत राहिल्या. मग चष्मा काढून साखळीवर सोडला आणि टेबलाचा खण बंद केला.

"पाच मिनिटं बसतोस इथे? नंबर क्रमाने पुकारायचे, आणि ओरडायचं नाही."

"आत्ता करता फोन? रविवारी—"

"रविवारपर्यंत धीर राहायचा नाही माझा."

त्या खिडकीपाशी गेल्या, बाकाकडे पाठ करून. एक हात फोनला, दुसरा कुंडीच्या काठावर. तिकडून फोन उचलला गेला, कारण त्यांचे खांदे जरा वर झाले.

"अगं, कामात आहेस का? नाही, बरी आहे मी. ऐक ना, तुला एक सांगायचं राहिलंय."

पुढचं मी ऐकलं नाही. त्यांच्या खुर्चीत बसलो, कागद समोर ओढला, आणि जमेल तितक्या हळू आवाजात एकतीस नंबर पुकारला.